उलटी लेन्स: एकास एकच्या पलीकडे कसं जायचं

कॅमेऱ्याची साधी लेन्स काढायची आणि उलटी करून पुन्हा बसवायची. एरवी जगाकडे तोंड करून असणारी पुढची काच आता कॅमेऱ्यातल्या, चित्र टिपणाऱ्या सेन्सरकडे, आणि कॅमेऱ्यात अडकणारी माउंटची बाजू वस्तूकडे. रिव्हर्स लेन्स मॅक्रो, म्हणजे उलट्या लेन्सने अगदी जवळून मोठं करून फोटो काढणं, म्हणतात ते एवढंच. मधे लागते एक पातळ धातूची रिंग. तिच्या एका बाजूला कॅमेऱ्यात बसणारं माउंट असतं आणि दुसऱ्या बाजूला फिल्टरला असतात तसले आटे. एवढ्या भांडवलावर मुंगीचा डोळा, फुलपाखराच्या पंखावरचे खवले आणि मोबाइलच्या पडद्यातले लाल-हिरवे-निळे ठिपके समोर येतात.

नव्या माणसाला ही युक्ती बहुतेकदा ‘मॅक्रो लेन्स घेईपर्यंतची तडजोड’ म्हणून सांगितली जाते. मला ते पटत नाही. एक ठरावीक सीमा ओलांडली की उलटी लावणं हीच त्या लेन्सची योग्य बाजू असते. ती सीमा कोणती आणि का, हे नीट कळलं की पुढचे प्रश्न आपोआप सुटत जातात. कुठली लेन्स चांगली, फोटो काळा का येतो, फोकस हातातून का निसटतो, या सगळ्यांची मुळं एकाच ठिकाणी आहेत.

सीमा कुठे आहे

मॅक्रोमध्ये ‘किती पट’ हे मोजतात सेन्सरवर. शेवटी फोटो मोबाइलवर बघितला की भिंतीएवढा छापला, याचा त्याच्याशी संबंध नाही. दहा मिलिमीटर लांबीची वस्तू सेन्सरवर दहाच मिलिमीटरची उमटली, तर ते एकास एक, म्हणजे १:१. पाच मिलिमीटरची उमटली तर अर्धी पट, वीसची उमटली तर दुप्पट. फुल-फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद आणि २४ मिमी उंच असतो. म्हणून एकास एकला त्या चौकटीत बरोबर ३६ मिमी रुंदीचा तुकडा मावतो, आणि चौपटीला फक्त ९ मिमीचा. त्याहून लहान एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ मिमी रुंद, त्यामुळे त्यात चौपटीला सहा मिलिमीटरही मावत नाहीत.

आता लेन्सचा विचार करू. नेहमीची लेन्स एका गृहीतकावर बनवलेली असते: वस्तू लांब, सेन्सर जवळ. डोंगर असो, माणूस असो, टेबलावरची वही असो, पुढचं अंतर मोठं आणि मागचं छोटं. काचांचे आकार, त्यांची जागा, कडेला येणारा धूसरपणा घालवण्यासाठी केलेली सगळी रचना हे गृहीतक धरून असते.

वस्तू जवळ आणत गेलं की हा हिशोब बदलतो. प्रतिमा मोठी हवी, तर लेन्स सेन्सरपासून दूर न्यावी लागते आणि वस्तूच्या जवळ आणावी लागते. एकास एकला पोचलो की पुढचं आणि मागचं अंतर जवळपास सारखं होतं. त्याच्याही पुढे गेलो की पारडं फिरतं: आता वस्तू जवळ आणि सेन्सर लांब. म्हणजे लेन्स ज्यासाठी बनवली, त्याच्या नेमकं उलट. मग लेन्सच उलटी केली तर? तिची जवळच्या अंतरासाठी घडवलेली बाजू जवळच्या वस्तूकडे येते, आणि लांबच्या अंतरासाठी घडवलेली बाजू लांबच्या सेन्सरकडे जाते. गृहीतक पुन्हा खरं ठरतं.

प्रकाशाला दिशेचं बंधन नसतं. ज्या वाटेने तो लेन्समधून आत येतो, त्याच वाटेने उलटा जाऊ शकतो. मोठ्या दृश्याची छोटी प्रतिमा करणारी लेन्स उलट्या बाजूने छोट्या वस्तूची मोठी प्रतिमा करते. सिनेमाचा जुना, फिल्मवाला प्रोजेक्टर तेच करत असे: बोटाएवढी फिल्म आणि भिंतीएवढा पडदा.

तेव्हा सीमा आहे १:१. तिच्या अलीकडे लेन्स सरळच ठेवावी. अख्खं फूल किंवा मोठं फुलपाखरू टिपायला लेन्स उलटी करून काही मिळत नाही, उलट प्रतिमेचा दर्जा घसरतो. तिच्या पलीकडे मात्र उलटी लेन्स सरळ लेन्सपेक्षा सरस ठरते. साध्या पन्नास मिमीच्या जुन्या लेन्सकडून इतकी धारदार चित्रं कशी मिळतात, त्याचं उत्तर यात आहे.

छोटी लेन्स जास्त मोठं का दाखवते

सवय अशी असते की दूरचं जवळ आणायला २०० किंवा ३०० मिमीची लेन्स लावायची. उलट्या लेन्समध्ये हे पूर्ण फिरतं. १८ मिमी सगळ्यात जास्त मोठं करते आणि ५५ मिमी कमी.

कारण साधं आहे. लेन्सचा समोरच्या बाजूचा फोकल पॉइंट (समांतर किरण जिथे एकत्र येतात तो बिंदू), जो आता सेन्सरच्या बाजूला आला आहे, तो आणि सेन्सर यांच्यातलं अंतर घ्या. त्याला लेन्सच्या फोकल लेंग्थने, म्हणजे लेन्सवर लिहिलेल्या मिमीच्या आकड्याने, भागा. उत्तर म्हणजे किती पट. हे अंतर कॅमेऱ्याच्या खोलीमुळे साधारण ठरलेलं असतं, त्यामुळे भागणारा आकडा जितका छोटा, तितकी पट मोठी. ५० मिमीची लेन्स उलटी लावली की एकास एकच्या आसपास येते. रचनेनुसार थोडं कमी, थोडं जास्त. २८ मिमी दुपटीच्या थोडी वर जाते. डीएसएलआरसोबत मिळणारी १८-५५ मिमीची किट लेन्स १८ वर ठेवली तर चौपटीच्या जवळ पोचते. त्या लेन्सची झूम रिंग फिरवताना बोटांना काही वेळ चुकल्यासारखं वाटतं, कारण झूम ‘बाहेर’ घेतलं की वस्तू मोठी होते. हाताला ते लवकरच वळण लागतं.

याच हिशोबातून आणखी एक उपयोगी गोष्ट निघते. लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये एक्स्टेन्शन ट्यूब (काच नसलेली पोकळ नळी) घातली, तर ट्यूबची लांबी भागिले फोकल लेंग्थ एवढी पट वाढते. २८ मिमीच्या उलट्या लेन्समागे २८ मिमीची ट्यूब घातली, की आणखी एक पट मिळाली. ५० मिमीच्या मागे तेवढंच मिळवायला ५० मिमीची ट्यूब लागेल.

मग प्रश्न येतो अंतराचा. इतकं मोठं करायचं म्हणजे लेन्स किड्याला चिकटवावी लागणार का? नाही, आणि मला या सगळ्या प्रकारात सर्वांत सुंदर वाटते ती हीच बाब.

एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये वरखाली हलणारा आरसा असतो. त्याला जागा हवी, म्हणून माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर बरंच मोठं ठेवलेलं असतं: निकॉनच्या एफ माउंटमध्ये ४६.५ मिमी, कॅननच्या ईएफमध्ये ४४ मिमी. २८ किंवा १८ मिमीच्या वाइड लेन्सला खरं तर सेन्सरच्या फार जवळ बसायला हवं होतं. पण आरसा आड येतो. म्हणून लेन्स बनवणाऱ्यांनी अशी रचना केली की फोकल लेंग्थ छोटी राहूनही मागची काच आणि प्रतिमा यांच्यात भरपूर मोकळी जागा राहावी. लेन्स उलटी केली की ही मोकळी जागा वस्तूच्या बाजूला येते. आरशासाठी राखून ठेवलेली जागा मुंगीच्या वाट्याला जाते.

आकड्यात सांगायचं तर, माउंटपासून वस्तूपर्यंतचं अंतर म्हणजे ते राखीव अंतर अधिक फोकल लेंग्थ भागिले पट. निकॉनच्या ५० मिमी लेन्सने एकास एकला हे ४६.५ अधिक ५०, म्हणजे साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास. २८ मिमीने दुपटीच्या थोडं वर गेलं तर सहा सेंटिमीटर. कॅननच्या किट लेन्सने १८ वर चौपटीला पावणेपाच ते पाच सेंटिमीटर. कितीही मोठं करा, राखीव अंतराच्या आत तुम्हाला कधी जावं लागत नाही. तीच वाइड लेन्स सरळ लावून मागे ट्यूब घातली असती, तर पुढची काच वस्तूला टेकली असती आणि तरीही फोकस मिळाला नसता.

मिररलेस कॅमेऱ्यांसाठीच बनलेल्या लेन्स उलट्या लावायला मी का सुचवत नाही, तेही इथेच कळेल. सोनीच्या ई माउंटमध्ये हे अंतर १८ मिमी आहे, निकॉनच्या झेडमध्ये १६, कॅननच्या आरएफमध्ये २०. आरसाच नाही, म्हणून राखीव जागाही नाही. शिवाय अशा बहुतेक लेन्सचा फोकस आणि अॅपर्चर (लेन्समधलं लहान-मोठं होणारं छिद्र) दोन्ही कॅमेऱ्याच्या विजेवर चालतात. कॅमेरा मिररलेस असायला मात्र काहीच हरकत नाही. किंबहुना पडद्यावर दृश्य उजळ दिसतं म्हणून तो जास्त सोयीचा. फक्त उलटी करायची लेन्स जुन्या एसएलआरची घ्यावी.

कुठली लेन्स, कुठली रिंग

शिकायला सगळ्यात चांगली लेन्स कोणती, असं विचारलं तर माझं उत्तर ठाम आहे: अॅपर्चरची रिंग अंगावर असलेली, फिल्मच्या काळातली, हाताने फोकस होणारी ५० मिमी. एफ/१.८ किंवा एफ/२ असेल तरी पुरे (आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं). एफ/१.२ किंवा एफ/१.४ च्या मागे लागू नये, कारण इतकं उघडं अॅपर्चर आपण इथे वापरणारच नाही. ती हाताला बसली की २८ मिमी शोधावी. किट लेन्स घरात असेल तर सुरुवात तिच्यावर करायलाही हरकत नाही, पण तिच्यात अॅपर्चरची अडचण आहे.

अडचण अशी की लेन्स उलटी झाली की तिचे विजेचे संपर्क आणि मागची खटकी हवेत राहतात. कॅमेऱ्याला लेन्स जोडली आहे हेच कळत नाही, तो अॅपर्चर बंद करणार कसा? अंगावर रिंग असलेल्या निकॉनच्या जुन्या लेन्स आणि पेंटॅक्स के माउंटच्या लेन्स कॅमेऱ्याबाहेर असताना रिंगवर लावलेल्या आकड्यापर्यंत आपोआप बंद होतात, म्हणून त्या सोप्या. आट्यांच्या एम४२ लेन्समध्ये ‘ऑटो-मॅन्युअल’ असा खटका असेल तर तो मॅन्युअलवर ठेवायचा. निकॉनच्या रिंग नसलेल्या ‘जी’ प्रकारच्या लेन्स कॅमेऱ्याबाहेर काढल्या की पार शेवटच्या आकड्यापर्यंत मिटतात आणि काही दिसेनासं होतं. त्यांच्या मागची छोटी खटकी थोडी सरकवून कागदाच्या घडीने किंवा चिकटपट्टीने तशीच अडकवून ठेवतात. कॅननच्या ईएफ लेन्सचं वेगळं तंत्र आहे. लेन्स आधी सरळ लावायची, कॅमेऱ्यावर एफ/८ निवडायचं, डेप्थ ऑफ फील्ड (फोकसमध्ये राहणारी खोली) बघण्याचं बटण दाबून धरायचं आणि ते दाबलेलं असतानाच लेन्स फिरवून काढायची. अॅपर्चर त्या जागी थांबून राहतं. चालू कॅमेऱ्यातून लेन्स ओढून काढण्याचा हा प्रकार असल्याने तो कधीमधी करायला ठीक, रोजच्या कामाला नाही.

रिंग घेताना दोन गोष्टी जुळवायच्या: कॅमेऱ्याचं माउंट आणि लेन्सच्या तोंडाच्या आट्यांचा व्यास. हा व्यास लेन्सच्या पुढच्या कडेवर किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलेला असतो. जुन्या लेन्समध्ये ४९ आणि ५२ मिमी सारखे भेटतात, किट लेन्समध्ये ५२, ५५, ५८. लेन्स कुठल्या कंपनीची आहे याने काहीच फरक पडत नाही, कारण जोड आट्यांवर होतो, माउंटवर नाही. निकॉनच्या कॅमेऱ्यावर पेंटॅक्सची लेन्स उलटी खुशाल बसते. ही मोकळीक फार मोठी आहे. कुठल्याही कपाटात पडून राहिलेली जुनी लेन्स यामुळे पुन्हा कामाला येते.

आणखी एक काळजी. उलट्या लेन्सचं सगळं वजन तिच्या तोंडाच्या आट्यांवर येतं. किट लेन्सचं तोंड प्लॅस्टिकचं आणि आतल्या हलत्या नळीला जोडलेलं असतं, म्हणून तिला धक्का लागू देऊ नये. जड लेन्स तर उलट्या टांगूच नयेत. मागची काच आता उघडी पडली आहे, तिच्यावर बोटाचा डाग किंवा ओरखडा आला तर तो सरळ चित्रात उतरतो. जुन्या मागच्या झाकणाला मधोमध मोठं भोक पाडून ते माउंटवर लावलं, की काच वाचते आणि कडेने घुसणारा उजेडही अडतो.

रिंग यायच्या आधीच बघायचं असेल, तर लेन्स हातानेच उलटी धरून माउंटच्या तोंडाशी टेकवा. कडेने उजेड शिरतो, चित्र फिकट येतं, पण काय दिसू शकतं याचा अंदाज मिनिटाभरात येतो. धूळ उडत असेल अशा जागी हे करू नका. सेन्सरवर बसलेला धुळीचा कण मॅक्रोमध्ये फारच ठळक दिसतो.

आधी पट्टीचा फोटो

पहिला फोटो किड्याचा नको, मिलिमीटरच्या खुणा असलेल्या पट्टीचा असू दे. कॅमेरा मॅन्युअल मोडवर ठेवा. लेन्स नसताना शटर उडण्याची परवानगी देणारी सेटिंग बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांत मेनूमध्ये असते, ती चालू करा, नाहीतर बटण दाबलं तरी काही होणार नाही. लेन्सची फोकस रिंग अनंतावर ठेवा. जुन्या ५० मिमीमध्ये ही रिंग फिरवून पट जवळजवळ बदलत नाही, कारण आट्यांची कड आणि काचा एकत्रच सरकतात. फक्त माउंटची कड पुढे येऊन वस्तूपुढची मोकळी जागा खाते.

मग फोकस करायचा कसा? अख्खा कॅमेरा मागे-पुढे करून. पट्टी कॅमेऱ्यासमोर टेबलावर लांब कडेवर उभी करून ठेवा, अॅपर्चर पूर्ण उघडा म्हणजे उजेड मिळेल, आणि पुस्तकांच्या ढिगावर टेकवलेला कॅमेरा हळूहळू पुढे सरकवत न्या. बराच वेळ नुसता धूसर करडा रंग दिसेल. मग एका क्षणी खुणा धारदार होतात आणि आणखी थोडं सरकलात की नाहीशा होतात. ते थोडं किती, हे बोटांना कळणं हाच पहिला धडा. आता चौकटीत किती मिलिमीटर मावले ते मोजा. सेन्सरची रुंदी भागिले तो आकडा, ही तुमची खरी पट. ३६ मिमीच्या सेन्सरवर १६ मिमी दिसले तर सव्वादोन पट. हा आकडा लेन्सच्या झाकणावर लिहून ठेवा, पुढे प्रत्येक वेळी लागतो.

त्यानंतर पट्टी तिरकी करा, साधारण ४५ अंशांत, आणि अॅपर्चर एकेक पायरी बंद करत फोटो घ्या. किती खुणा धारदार आहेत ते बघा. खोली आणि धार यांच्यातली ओढाताण या एका खेळात जेवढी स्पष्ट दिसते, तेवढी वाचून कधीच कळणार नाही.

आकडे सांगतो. फुल-फ्रेमवर, ०.०३ मिमीपर्यंतची धूसरता डोळा माफ करतो असं धरलं, तर एफ/८ ला एकास एकवर फोकसमध्ये राहणारी जाडी सुमारे १ मिमी. दुपटीवर ती ०.३६ मिमी. चौपटीवर ०.१५ मिमी. अर्ध्या सेंटिमीटरच्या माशीचा एक डोळासुद्धा पुढून मागपर्यंत एका फोटोत धारदार येत नाही, तो यामुळे.

मग साहजिक वाटतं की एफ/२२ लावावं. इथे दुसरी भिंत आडवी येते. वस्तूच्या इतक्या जवळ गेल्यावर लेन्सवरचा आकडा खरा राहत नाही. त्याला साधारणपणे ‘एक अधिक पट’ने गुणावं लागतं. एकास एकला एफ/८ हा सेन्सरच्या दृष्टीने एफ/१६ असतो. चौपटीला तोच एफ/४० होतो. याचे दोन परिणाम. एक, उजेड घटतो: एकास एकला चौथा हिस्सा उरतो, चौपटीला पंचविसावा. सुरुवातीचे फोटो काळे येतात ते त्यामुळे, लेन्समध्ये दोष नसतो. दोन, इतक्या छोट्या छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि प्रत्येक बिंदूचा ठिपका होतो. एफ/१६ इतक्या खऱ्या अॅपर्चरला हा ठिपका ०.०२ मिमीच्या आसपास, एफ/४० ला ०.०५ मिमीच्या वर. म्हणजे फोकस खोल झाला, पण सगळंच सारखं मऊ पडलं. माझ्या मते एकास एकला एफ/८ ते एफ/११, दुपटीला एफ/५.६ ते एफ/८, आणि चौपटीला एफ/४ ते एफ/५.६ हे लेन्सवरचे आकडे योग्य. त्यापुढे बंद केलं की खवल्यांच्या कडा विरघळायला लागतात.

उजेड

हात हलला तर तोही तितक्याच पट मोठा दिसतो. चौपटीला कॅमेरा ०.१ मिमी सरकला, तर सेन्सरवर प्रतिमा ०.४ मिमी सरकते. पिक्सेल ०.००४ मिमीचा असेल, तर हे शंभर पिक्सेलचं सरकणं झालं. म्हणून स्थिर वस्तू असेल तर कॅमेरा ट्रायपॉडवर, दोन सेकंदांचा टायमर, आणि शटर हवं तेवढं लांब. हलणारी वस्तू असेल तर फ्लॅश, दुसरा मार्ग मला चांगला वाटत नाही. बऱ्याच फ्लॅशमध्ये ताकद कमी केली की झोताचा कालावधी १/१०,००० सेकंदाच्याही खाली जातो. हालचाल गोठते ती शटरने नव्हे, या झोताने. कॅमेऱ्यावर १/२०० सेकंद, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) १०० ते ४००, फ्लॅश कमी ताकदीवर, इथून सुरुवात करावी.

उघडा फ्लॅश मात्र कीटकांच्या गुळगुळीत पाठीवर पांढरे, भाजलेले डाग पाडतो. फ्लॅश आणि वस्तू यांच्यामध्ये पांढरा अर्धपारदर्शक कागद किंवा पातळ फोमचा तुकडा धरा, वस्तूच्या जेवढा जवळ आणता येईल तेवढा. वस्तूच्या नजरेतून उजेडाचा तुकडा जितका मोठा, तितकी सावली मऊ. डिफ्यूझर, म्हणजे असा उजेड पसरवणारा पडदा, घरी बनवण्यावर घालवलेला वेळ मी नव्या लेन्सपेक्षा जास्त मोलाचा मानतो.

मागची बाजू काळीकुट्ट येते, याचंही कारण सरळ आहे. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. फ्लॅशच्या डिफ्यूझरपासून वस्तू पाच सेंटिमीटरवर आणि मागचं पान पन्नासवर असेल, तर पानाला वस्तूच्या साधारण शंभरावा भाग उजेड मिळतो. काळी पार्श्वभूमी नको असेल तर वस्तूच्या मागे काही सेंटिमीटरवरच एखादं हिरवं पान किंवा रंगीत कागद येईल असं बसावं.

काय टिपायचं

मोबाइलचा पडदा घ्या. पांढरा रंग दाखवणारं पान उघडा आणि चौपटीला बघा. पांढरं काहीच नसतं तिथे. लाल, हिरवे, निळे तुकडे ओळीने मांडलेले दिसतात, त्यांच्यामध्ये गडद काळी फट. इंचाला चारशे पिक्सेलचा पडदा असेल तर एक पिक्सेल ०.०६ मिमीचा, आणि चौपटीला तो सेन्सरवर पाव मिलिमीटरचा होतो. वस्तू सपाट, हलत नाही, स्वतःच उजेड देते. शिकायला इतकी सोयीची वस्तू दुसरी नाही.

मग पेनाचं निब, कापडाची वीण, नाण्यावरचं अक्षर, पोस्टाच्या तिकिटावरचे छपाईचे ठिपके. त्यानंतर बागेत गळून पडलेला फुलपाखराचा पंख मिळाला तर तो जपून उचला. नुसत्या डोळ्यांना तो रंगीत कापडासारखा सलग दिसतो. दुपटीपुढे गेल्यावर कळतं की तो कौलांसारखा एकावर एक रचलेल्या खवल्यांचा आहे. एकेक खवला मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास, आणि एकेकाचा रंग स्वतंत्र. दुरून एकच छटा दिसते तिथे दोन-तीन रंगांचे खवले मिसळलेले आढळतात. काही खवले झडलेले असतात आणि खाली पारदर्शक पडदा उघडा पडलेला असतो. हे दृश्य पहिल्यांदा चौकटीत आलं की बराच वेळ शटर दाबायचं सुचत नाही.

जिवंत किडे सगळ्यात शेवटी. पहाटे गारव्यात ते सुस्त असतात, तेव्हा जवळ जाता येतं. सावली अंगावर पडू न देता, हळू, खालच्या बाजूने जावं. डाव्या हाताने फांदी किंवा पान धरून त्याच हाताच्या मनगटावर लेन्स टेकवली, की वस्तू आणि कॅमेरा एकत्र हलतात आणि वाऱ्याचा त्रास बराच कमी होतो. श्वास सोडता सोडता अंगाने पुढे झुकायचं आणि डोळा धारदार दिसला की दाबायचं. एका झुकण्यात तीन-चार फोटो घ्यावेत, त्यातला एखादाच लागतो. सराव झालेल्यांचंही तसंच असतं. किड्याला स्थिर करण्यासाठी फ्रीजमध्ये ठेवणं किंवा चिकटवणं हे मला अजिबात मान्य नाही. तो उडून गेला तर गेला, दुसरा मिळेल.

खोलीची अडचण सोडवायची असेल तर फोकस स्टॅकिंग. स्थिर वस्तूचे फोटो कॅमेरा एकेक इंचभर नव्हे, मिलिमीटरच्या अंशाने पुढे सरकवत घ्यायचे आणि सॉफ्टवेअरने प्रत्येकातला धारदार भाग निवडून एक चित्र जोडायचं. हेलिकॉन फोकस आणि झेरेन स्टॅकर ही त्यासाठीची नावाजलेली सॉफ्टवेअर. दुपटीला एफ/८ ची जाडी ०.३६ मिमी, तेव्हा ०.२५ मिमीचं पाऊल ठेवावं म्हणजे शेजारचे फोटो एकमेकांवर चढतात. तीन मिलिमीटर खोलीच्या वस्तूला मग बाराएक फोटो पुरतात. इतकी बारीक पावलं हाताने पडत नाहीत, त्यासाठी स्क्रू फिरवून कॅमेरा सरकवणारी फोकसिंग रेल लागते. रिंगनंतर काही घ्यायचंच असेल तर मी आधी रेल घेईन.

उलट्या लेन्सचा आणखी एक अवतार आहे आणि अॅपर्चरच्या कटकटीला कंटाळलेल्यांनी तो जरूर बघावा. कॅमेऱ्यावर मोठी लेन्स नेहमीसारखी सरळ लावायची, आणि तिच्या तोंडावर दुसरी छोटी लेन्स उलटी जोडायची. दोन्हीकडे आटे असलेली जोडरिंग त्यासाठी मिळते. इथे पट म्हणजे मोठ्या लेन्सची फोकल लेंग्थ भागिले छोटीची, मोठी लेन्स अनंतावर फोकस केलेली असताना. १०० मिमीवर ५० मिमी लावली की दुप्पट, २०० मिमीवर लावली की चौपट. मोठ्या लेन्सचे संपर्क कॅमेऱ्याशी जोडलेले राहतात, म्हणून अॅपर्चर बटणावर चालतं. उलट्या लेन्सचं अॅपर्चर मात्र पूर्ण उघडं ठेवायचं, नाहीतर चित्राचे कोपरे काळे होऊन मधे नुसतं गोल उरतं. एकास एकच्या सीमेचा नियम इथेही पाळला जातो, कारण वस्तूजवळची लेन्स उलटीच आहे. वस्तूपर्यंतचं अंतर पुन्हा तेच, साडेचार सेंटिमीटरच्या आसपास. वजन मात्र दुप्पट, तेव्हा हा जोड ट्रायपॉडवरच वापरावा आणि छोटी लेन्स हलकी निवडावी.

एकास एकपासून पाच पटीपर्यंत जाणाऱ्या खास लेन्सही आहेत. कॅननची एमपी-ई ६५ मिमी १९९९ साली आली, ती एकास एकच्या खाली उतरतच नाही आणि अनंतावर फोकसही करत नाही. कॅमेरा सरकवून फोकस, जाडी मिलिमीटरच्या अंशात, उजेडाचा दुष्काळ, हे सगळं तिच्यातही जसंच्या तसं आहे. फरक इतकाच की पट एका रिंगवर बदलते आणि अॅपर्चर कॅमेरा सांभाळतो. जुन्या ५० मिमीवर शिकलेलं काहीच तिच्यावर वाया जात नाही.